आजींना त्रास व्हावा म्हणून

मी कानाचं एक जुनं यंत्र आहे. आकार काजूएवढा, रंगही साधारण तसाच. मित्रांनो, काजूला जेवढा मान मिळतो तेवढा मला कधीच मिळाला नाही. पण ते असो.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी भिंगाखाली माझ्या पोटात तारा जोडल्या आणि माझ्यापुढे "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. मी ऐकलेले ते पहिले शब्द. पुढे एका पोक्त गृहस्थाने मला दुकानातून आपल्या आईसाठी नेलं. या आजी म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या बाई. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे, जन्मभर लोकांचं ऐकलं. आता कुठे कानांना पेन्शन लागलीय, तर तू पुन्हा नोकरीला लावतोस?"

तरी लेकाचं मन राखायला त्यांनी मला कानात घातलं. मी मन लावून काम केलं. पण मला कुणी पुसलं नाही. माझ्यात मळ साचला, मी कानात नीट बसेना आणि शीळ घालू लागलो. माझ्यासारख्या यंत्रांना ही खोड असते. आजी भाजी निवडायला बसल्या की कानात शीळ! या वयात आपल्याला कोण शीळ घालतंय, हे बघायला त्या खिडकीपाशीही जाऊन आल्या. शेवटी माझी रवानगी चष्म्याच्या जुन्या डबीत झाली. थोडक्यात, आवाज करतो म्हणून मला हाकललं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमची गल्ली फार शांत. इतकी की तिथला कुत्राही आधी इकडेतिकडे बघून मग भुंकायचा. गल्लीचे म्होरके होते गप्पकाका. "गप्प!" हा शब्द ते इतक्या जोरात म्हणत, की गल्लीत दुसऱ्या आवाजाला जागाच उरत नसे.

अशा गल्लीत मधल्या घरात एक पाववाला भाडेकरू आला. सोबत बायको आणि एक ट्रम्पेट. पहाटे तो बेकरीत पाव भाजायचा, दुपारी मोकळा असायचा. आणि दुपार ही गल्लीच्या झोपेची वेळ. त्याला एकच धून येत होती. खरं तर तीही येत नव्हती. एका वळणावर येऊन ती रोज अडकायची, घाटात ट्रक अडकावा तशी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

गल्लीने घरमालकाला गाठलं. घरमालक आळशी माणूस. म्हणाला, "सगळी घरं त्रास होतो म्हणाली, तर बिऱ्हाड काढतो. एक जरी घर गप्प राहिलं, तर मीही गप्प." सगळी घरं तयार झाली. उरलं आजींचं, गल्लीच्या टोकाचं. आणि आजींना तर काहीच ऐकू येत नव्हतं!

गप्पकाका आणि शेजारच्या शिंपीणकाकू आजींकडे आले.

"आजी, तुम्हाला त्रास होत नाही?" काका ओरडले.

"रस? नको बाई, आत्ताच जेवले."

"त्रास! त्रास!"

"अहो, कशाचा?"

तेव्हा शिंपीणकाकूंना मी आठवलो. डबी शोधली. काकूंनी मला मऊ चिंधीने पुसलं, सुईच्या टोकाने मळ काढला. काकांनी स्वतः जाऊन नवा सेल आणला. मित्रांनो, दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून माणसं एवढी माया करतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी शीळ न घालता कानात बसलो.

रविवारी दुपारी घरमालक आला. सगळे आजींच्या पुढच्या खोलीत जमले. पाववाल्याची बायको दारातच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बिऱ्हाड उचलावं लागलं तर बेकरीच्या जवळ दुसरी जागा नव्हती, हे तिने आधीच सांगून पाहिलं होतं.

ट्रम्पेट सुरू झालं. आजींनी डोळे मिटले. मी एकही सूर गाळला नाही; तेवढी माझी नोकरी. धून चढत चढत वळणावर आली आणि अडकली.

"होतो का त्रास?" मालकाने विचारलं.

"होतो," आजी म्हणाल्या.

गप्पकाकांनी टाळीसाठी हात उचलले. दारातल्या बाईने मान खाली घातली.

"पुढचं ऐकायलाच मिळत नाही, हा त्रास. त्याला काढलात तर पुढचं कधी ऐकू?"

काकांचे हात तसेच राहिले. मग ते प्रथमच हळू आवाजात बोलले. इतक्या हळू की मला जोर लावून ऐकावं लागलं. "आजी, आमची ही रात्रभर खोकते हो. दुपारी जरा डोळा लागतो, तर हा सुरू होतो."

आजींनी डोळे उघडून काकांकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"मग त्याने इथे वाजवावं," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत, खिडक्या लावून. पलीकडे नुसतं मोकळं मैदान आहे."

"आणि तुमच्या कानांचं?" काकांनी विचारलं.

"माझे कान काढून ठेवता येतात. तुमचे येतात का?"

दुसऱ्या दिवशी पाववाला आला. हातात ट्रम्पेट, अंगावर अजून पीठ.

"कशाला रे शिकतोस?" आजींनी विचारलं.

"आजी, पहाटेपासून पाव भाजतो. पाव काही बोलत नाहीत. बरं, यंत्र काढताय ना?"

आजींचा हात कानाकडे आला. मला डबीचा अंधार आठवला. त्यांनी मला काढलं, पदराने पुसलं आणि परत कानात घातलं.

"वाजव."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी डबीत पडलं असेल, तर त्याला पुसा, सेल घाला. शीळ घालतो म्हणून लगेच हाकलू नका. आधी बघा, कुठे काय अडकलंय ते. शेजाऱ्यांनाही हेच लागू. फक्त त्यांना सुईने टोचू नका.

तर परवा पाववाला ते वळण पार करून पुढे गेला. पुढची धून आणखीच वाईट निघाली. आजींनी माझा आवाज थोडा वाढवला.