डाव्या दांडीची पिन

मित्रांनो, तुम्ही चालायला शिकलात तेव्हा आईचं बोट धरलं असेल. ज्यांना मोठेपणी पुन्हा चालायला शिकावं लागतं, ते मला धरतात. मी एक जुना पॅरलल बार आहे. कमरेइतक्या उंचीवरच्या दोन लांब पोलादी दांड्या, त्यांना पेलणारे चार खांब आणि खाली एक लाकडी फळी, एवढाच माझा देह. फरीदाबादच्या एका धर्मादाय रुग्णालयात, फिजिओथेरपी विभागाच्या खिडकीपाशी मी एकोणीस वर्षं उभा आहे.

माझा जन्मही याच शहरातला. पत्र्याच्या एका शेडमध्ये नळ्या कापून मला जोडलं. मिस्त्रीने दोन्ही दांड्यांवरून तीनतीनदा तळहात फिरवला. "हाथ को चुभना नहीं चाहिए," तो म्हणाला होता. त्याला ठाऊक होतं, मला धरणारा माणूस आधीच घाबरलेला असतो.

पहिली दहा वर्षं मी खूप हात पाहिले. पलवलच्या एका निवृत्त मास्तरांचा थरथरता हात, लग्नाच्या आठवडाभर आधी पाय मोडून घेतलेल्या मुलीचा मेंदीचा हात, एका स्कूलबसच्या ड्रायव्हरचा घट्टे पडलेला हात. कोणी माझ्यात उभं राहून रडायचं, कोणी शिव्या द्यायचं. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात माझा फोटो होता. मग छताला पट्टे टांगलेलं, विजेवर चालणारं एक नवं यंत्र आलं. पाहुणे आले की त्यांना ते दाखवू लागले, आणि मला कूलरच्या बाजूला सरकवलं. कूलरचे शिंतोडे उडून माझ्या पायांना गंज चढला. माझी उंची कमीजास्त करायला प्रत्येक खांबाला एक पिन असते. डाव्या दांडीच्या पुढच्या खांबातली पिन झिजून झिजून बारीक झाली. पूर्वी रोज सकाळी कोणीतरी मला हलवून बघायचं. ते कधी थांबलं, मला आठवत नाही.

मग दीपमाला आली. दीपमाला मेश्राम. घर मूळचं भंडाऱ्याचं, वडील यशवंतराव दिल्लीत केंद्र सरकारच्या कार्यालयात. फिजिओथेरपीची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव घेऊन ती इथे लागली होती. पहिल्याच दिवशी तिने माझे चारही खांब हलवून पाहिले. डावी दांडी थरथरली. तिने लगेच दुरुस्तीच्या वहीत लिहिलं: पिन बदलावी, धोका आहे.

विभागप्रमुख खन्ना सरांनी वही न उघडताच सांगितलं, "हो जाएगा, अगले महीने."

तिने दोन महिन्यांत तीनदा लिहिलं. तोवर ती डाव्या दांडीपाशी स्वतः उभी राहायची आणि तिचा एक हात कायम पेशंटच्या कमरपट्ट्यावर असायचा. म्हणून काही बिघडलं नाही.

दीपमालाला पुढे शिकायचं होतं. गुरुग्रामच्या एका विद्यापीठात याच विषयातला डॉक्टरेटचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. प्रवेशाच्या अटी तिने छापून आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. पदवीला साठ टक्के, दोन वर्षांचा अनुभव, लेखी परीक्षा, मुलाखत, दोन शिफारसपत्रं, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेलं तीनशे तासांचं काम. त्या तासांच्या प्रत्येक पानावर तज्ज्ञाची सही हवी. तिच्यासाठी ते तज्ज्ञ म्हणजे खन्ना सर. लेखी परीक्षा ती पास झाली होती. तास दोनशे शहाण्णव झाले होते.

त्याच काळात भालचंद्र देसले माझ्याकडे आले. मानेसरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ते फोरमन होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलताना शब्द चिकटून यायचे. त्यांची पत्नी अहिल्या रोज रिक्षाने त्यांना घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. कंपनीच्या डॉक्टरने त्यांना एक तारीख दिली होती. त्या दिवशी कंपनीच्या बसची पायरी स्वतः चढून दाखवली, तर त्यांची जागा राहणार होती.

"आज काय शिकवतात त्या तुझ्या डॉक्टरीत?" एक पाऊल टाकून ते विचारायचे.

"पहिल्या वर्षी शरीररचना, काका. मृतदेहावर." दीपमाला त्यांचा उजवा गुडघा आपल्या गुडघ्याने सावरून धरायची. "आता वजन डाव्या हातावर. हां."

"मेलेल्यांकडून शिकणार, आणि चालवणार आम्हाला. बढिया! दुसऱ्या वर्षी?"

"मेंदू आणि नसा. हृदय, फुप्फुसं. तिसऱ्या वर्षी फक्त रुग्णालयात काम आणि एक प्रबंध."

"प्रबंध माझ्यावर लिही. आधी मात्र बसची पायरी."

ते फळीच्या टोकापर्यंत जाऊन वळायला शिकले. अहिल्याकाकू दारातून डोकावून टाळी वाजवायच्या.

तो मंगळवार होता. उरलेले चार तासही भरले होते, सरांच्या सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. विद्यापीठात अर्ज द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती आणि खन्ना सर त्याच दुपारी दहा दिवसांसाठी परगावी निघाले होते. भालचंद्रकाका माझ्यात उभे होते. सर बॅग घेऊन दाराकडे जाताना दीपमालाला दिसले.

"काका, दोन मिनिटं असेच थांबा हं. दांडी सोडू नका. आलेच."

तिने तासांची फाईल उचलली आणि धावली. दहा पावलं. मी मोजली. काका थोडा वेळ थांबले. मग त्यांना वाटलं असावं, आता वळणं तर जमतंय. त्यांनी सगळा भार डाव्या हातावर घेतला, आणि माझ्या झिजलेल्या पिनेने खांब सोडला.

माझी दांडी वीतभर खाली आली. माणूस पडायला तेवढं पुरतं. ते डाव्या कुशीवर पडले आणि काहीतरी कडकन मोडलं. तो आवाज मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. दीपमाला वळली तेव्हा तिच्या हातात फाईल उघडी होती आणि सरांच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं.

डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. म्हणजे त्यांचा चांगला पाय.

सर परगावी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीपमालाला माझ्यासमोरच उभं केलं. "लिख दो कि पेशंट बिना बताए उठा. बस. तेरे तीन सौ घंटों पे आज ही साइन करता हूँ, सिफारिश की चिट्ठी भी देता हूँ. सोच लो, यार. पूरा करिअर है."

तिने कोरा कागद घेतला आणि माझ्या फळीच्या कडेवर बसून लिहिलं: पिन झिजलेली होती. मी तीनदा लेखी कळवलं होतं. पेशंटला उभं करून मी सहीसाठी गेले, त्या वेळी माझी पाठ त्यांच्याकडे होती. शेवटचं वाक्य लिहिताना तिचं पेन बराच वेळ थांबलं होतं. ते वाक्य गाळलं असतं, तर सगळा दोष माझ्यावर आणि सरांवर गेला असता. तिने ते गाळलं नाही.

सरांनी कागद वाचला आणि सही न करता तिची फाईल परत केली. शुक्रवार आला आणि गेला.

आठवड्याने अहिल्याकाकू आल्या. "सर म्हणतात, हे स्वतःच उठले. तू होतीस ना तिथे?"

"नव्हते, काकू. मीच त्यांना उभं करून गेले होते. दहा पावलं लांब होते."

काकूंनी माझी डावी दांडी एकदा हलवून पाहिली. "खरं सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण आत्ता मला तुझं तोंड बघवत नाही ग."

त्या गेल्या. भालचंद्रकाका पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. ते आता अंथरुणालाच आहेत आणि त्यांच्या जागी दुसरा फोरमन लागला, असं सफाईवाली सांगत होती.

दीपमालाला महिनाअखेरीस कामावरून कमी केलं. तिचं सामान न्यायला यशवंतराव आले होते. कपाटाच्या दारावरचा तो कागद त्यांनी नखाने सोडवला आणि नीट घडी घातली. "तीनशे तास, दीपा," ते हळूच म्हणाले. "एका ओळीचा प्रश्न होता, बेटा. एवढी एक ओळ..."

"बाबा, ती ओळ लिहिली नसती, तर उद्या दुसऱ्या पेशंटला मी हात कसा लावला असता?"

यशवंतरावांनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला. त्यांना ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. बापलेक खोका दोन बाजूंनी धरून बाहेर पडले. दीपमाला आता कुठल्याशा लहान दवाखान्यात आहे म्हणे. सही करणारा तज्ज्ञ तिथे नाही, त्यामुळे तिचे तास पुन्हा शून्यापासूनही मोजले जात नाहीत.

आणि माझी पिन? ती अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी बदलली. एक माणूस आला, त्याने खिशातून नवी पिन काढली, ठोकली आणि निघून गेला. त्याने खिडकीत ठेवलेला चहा तोवर गारसुद्धा झाला नव्हता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही. आम्ही फक्त थरथरतो. ती थरथर एखाद्या माणसाला कळते आणि तो कुठल्यातरी वहीत दोन ओळी लिहून ठेवतो. तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत, तुमच्या रुग्णालयात अशी वही असेलच. ती उघडा. त्या ओळी आजच वाचा. उद्या सकाळी साडेनऊला माझ्याकडे पहिला पेशंट येणार आहे, आणि तो सगळा भार माझ्यावर टाकणार आहे.