कळवतो

डोंबिवलीच्या साईनाथकाकांच्या वधूवर मंडळाचं ॲप आमच्या खोपटच्या ऑफिसात बनलं. कोड प्रीतमचा, टेस्टिंग माझं. आणि आईने संधी साधून त्यात माझंच नाव नोंदवलं, मला न विचारता!

मी भडकलेले. पण शहाडचा रत्नदीप घरी आला आणि राग गेला, खोटं कशाला बोलू? पोह्यांतले शेंगदाणे त्याने वेचून बशीच्या कडेला ठेवले आणि हळूच बशी माझ्याकडे सरकवली. मला शेंगदाणे भयंकर आवडतात. तो गेल्या गेल्या मी ॲपवर 'होकार' दाबला.

मिनिटभराने त्याच्या नावाखाली आलं, 'कळवतो.'

कळवतो म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही समजतं. आठ दिवस मी आईवर खेकसले, आरशावर खेकसले. नवव्या दिवशी ऑफिसात आईचा फोन. रत्नदीप उद्या कल्याणला दुसरी मुलगी बघायला चाललाय. वर साईनाथकाका म्हणे, "महिनाभरात एक लग्न जुळलं नाही हो. मुलींच्या अपेक्षाच वाढल्यात."

महिनाभरात एकही नाही? मी तडक प्रीतमच्या टेबलाशी गेले.

"होकार पाठवल्यावर तुझं ॲप सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबतं का रे?"

"छे! आपलं पुढचं काम करत राहतं. उत्तर मागाहून येतं."

"आणि मागाहून एररच आला तर?"

तो मान खाजवायला लागला. "पकडतो. आणि... गिळतो. स्क्रीनवर फक्त 'कळवतो' येतं."

"गाढवा! एरर आलाय हे सांगता येत नाही?"

"तूच म्हणालेलीस ना, लाल अक्षरं बघून आयांना धडकी भरते, माणसासारखं काहीतरी लिही!"

म्हणालेले. आणि टेस्टिंगमध्ये एरर कधी आलाच नाही, म्हणून त्याने काय लिहिलंय ते बघितलंच नव्हतं. बोंबला!

पहिल्या तारखेला सर्व्हर बदलला, होकाराचा पत्ता मात्र ॲपमध्ये जुनाच राहिला. नकार व्यवस्थित पोचत होते. होकार सगळे वाटेत मरत होते, आणि एकाही घरातून तक्रार नाही! 'कळवतो' वाचून प्रत्येकजण काय ते समजून गप्प बसलेला.

"आत्ता दुरुस्त कर."

"करतो. पण लोकांच्या फोनवर जायला दोन दिवस लागतील."

दोन दिवस! मी बायोडेटावरचा नंबर फिरवला. तो निघाला त्याच्या मामांचा. दौलतमामांनी माझं गाव, आडनाव, नोकरी सगळं विचारून घेतलं, मग फोन भाच्याला दिला.

"मी मनाली. मी होकार पाठवलेला. ॲपच्या गडबडीत तुला पोचलाच नाही."

पलीकडे तो मामांना काहीतरी कुजबुजला. संपलं, मला वाटलं.

"मी पण पाठवलेला," तो म्हणाला. "तीनदा. तिन्ही वेळा 'कळवतो' आलं. मामा म्हणाला, शेंगदाण्यांमुळे असेल."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी, तेही भर ऑफिसात. प्रीतम कान टवकारून बसलेला.

"मग उद्या कल्याणला जाऊ नकोस."

"नाही जात. पण आता तोंडाने सांग ना एकदा. हो ना?"

एवढ्या वर्षांची ऐकून ऐकून झालेली सवय. जिभेवर आलंच, "कळव—"

गिळलं. आणि "हो" म्हटलं, मामांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.