अरुंद बाक

घर विकून शिडाच्या होडीत राहायला जायचं, हा बेत ट्रेगेन्झा आणि त्याच्या बायकोने, लव्हडेने, मिळून केला होता. लव्हडे हिवाळ्यात गेली. बेत तेवढा मागे राहिला.

फॅल्मथ बंदरातल्या आवारात विकायला टेकू देऊन उभ्या केलेल्या होड्या तो आता एकटाच बघत फिरे. होडी घेणाऱ्याने आधी आतल्या झोपायच्या बाकावर आडवं होऊन बघायचं, ही तिथली रीत. तो आडवा व्हायचा आणि लगेच कुरकुरत उठायचा, "अरुंद आहे."

आज तो पुन्हा एका बाकावर आडवा झाला, तशी शेजारी उभी असलेली आवारवाली मॉर्वेना वैतागली. "अहो, किती होड्यांना नावं ठेवाल? पालीसारखं फळीला चिकटून झोपलात तर राजाचा पलंगही अरुंदच वाटेल! सरका की जरा इकडे."

"इकडे कसा सरकू?" तो खेकसला. "इकडे तर लव्हडे..."

मॉर्वेनाने मान खाली घातली. वर टपावर पाऊस वाजत राहिला. बऱ्याच वेळाने तो सरकला, मधोमध आला आणि त्याने पाठ टेकली.

"मावताय की," ती हळूच म्हणाली.

"हो," तो टपाकडे बघत म्हणाला. "फारच रुंद आहे."