आत्माराम हलला नाही

तिसऱ्या दिवशीही आत्मारामने रेडिएशनच्या टेबलावर हातपाय झाडले आणि यंत्र थांबवावं लागलं. डॉक्टर अभयनी फाइल मिटली.

"सावित्रीबाई, गाठ स्वरयंत्रावर आहे. लहान आहे, रेडिएशनने बरी होईल अशी. पण दहा मिनिटं निपचित पडायला हवं. नाही जमलं तर ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागेल. मग बोलणं कायमचं बंद. आणि खरं सांगू? अशा पेशंटला हे झेपणार नाही असं मला आधीच वाटलं होतं."

"अशा म्हणजे कशा?" सावित्रीबाईंनी शांतपणे विचारलं. डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले.

आत्माराम त्यांचा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते मंदावले, पण पुरते गेले नाहीत. तरी गावी, मालगुंडात, आंब्याची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथे हॉस्पिटलात डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. त्याची भीती जावी म्हणून बाईंनी पडवीत तांदूळ धुवायची रोवळी त्याच्या तोंडावर ठेवून सराव करून घेतला होता. पंधरा मिनिटं तो ढिम्म हलला नव्हता. मग इथेच काय होत होतं?

पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवलेल्या बाईंना एक ठाऊक होतं. मूल अडलं की ओरडायचं नाही, कुठे अडलं ते विचारायचं.

"आत्म्या, नेमकं कुठं अडतंय रे?"

"भिंतीतून कोणतरी बोलतं गो ताई. 'हलू नका' म्हणतं."

"मग?"

"मग काय! आपले गोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले? न दिसणाऱ्यानं हुकूम सोडला तर ऐकायचा नाय. मी नाय ऐकला. मुद्दाम हललो."

बाईंना हसू आवरेना. वीस वर्षं घोकलेला धडा पठ्ठ्याने चोख म्हणून दाखवला होता!

बाहेरच्या खोलीतून यंत्र चालवणाऱ्या करुणाकडे त्या वळल्या. "बाळ, दहा मिनिटं दे. मी आत झोपते, आणि ह्याला तुझ्या खुर्चीत बसव."

"बाहेर आठ पेशंट खोळंबलेत," डॉक्टर म्हणाले.

"मी वर्गात चाळीस सांभाळायचे, डॉक्टर. दहाच मिनिटं."

यंत्र बंदच होतं. पदर सावरून बाई टेबलावर आडव्या झाल्या. थोड्या वेळाने भिंतीवरच्या स्पीकरच्या डब्यातून खरखर आली. "ताई, हलू नको."

बाईंनी मुद्दाम नाक खाजवलं.

"जल्ला मेला तो हात! खाली घे म्हणतो ना!" डब्यातून गर्जना झाली आणि पाठोपाठ करुणाचं खिदळणं.

आत्माराम धावतच आत आला. "म्हणजे बटण दाबायला माणूस लागतो?"

"माणूसच लागतो, काका," मागून आलेली करुणा म्हणाली.

"मग आधी नाव सांगत जा की! माझ्या डोक्यातले कधी नाव सांगत नायत."

या वेळी आत्माराम टेबलावर झोपला आणि बाई बाहेर, आतलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. करुणाने बटण दाबलं. "आत्मारामकाका, मी करुणा बोलतेय. आता हलू नका."

यंत्र फिरू लागलं. मध्येच पायाचा अंगठा किंचित थरथरला. बाई पडद्याकडे झुकल्या. अंगठा थांबला. डॉक्टर घड्याळ बघायचं विसरून पडद्याकडे बघत राहिले. आणि यंत्र आपलं काम संपवून आपोआप थांबलं.

गालावर जाळीचे ठसे घेऊन आत्माराम बाहेर आला. "उद्या किती वाजता?"

असे तेहतीस दिवस. बाविसाव्या दिवशी डोक्यातले आवाज फार वाढले, तेव्हा डॉक्टर अभयनी स्वतःच मनोविकारांच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांनी मिळून औषधं जुळवली. खाडा झाला तो त्या एकाच दिवसाचा. चार महिन्यांनी दुर्बिणीने घसा तपासून डॉक्टर अभय म्हणाले, "स्वच्छ. गाठीचा मागमूस नाही." मग फाइल मिटत, "मी चुकलो होतो, बाई."

परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून बहीणभाऊ मासळी बाजारात शिरले. "ताजे म्हणे! डोळे बघ त्या बांगड्यांचे, परवाचे हायत!" आत्मारामचा आवाज पार टोकापर्यंत गेला.

"मेल्या, ओरडतोस कशाला? बाजार गोळा करशील!" कोळीण करवादली.

"ओरडू दे गो त्याला," सावित्रीबाई म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "आत्म्या, आणखी जोरात!"