पुढच्या डाव्या चाकातली डिस्क

मी एक ब्रेक डिस्क बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. दारात उभ्या असलेल्या तुमच्या लहान गाडीच्या पुढच्या चाकात डोकावलात, तर आत एक गोल लोखंडी ताटली दिसते ना, ती मी. पण तुम्ही डोकावणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. काचेवर पडलेली पाखराची शीट तुम्हाला रस्त्याच्या पलीकडून दिसते. मी कधी दिसत नाही.

माझा जन्म भट्टीतला. बिडाचं लोखंड वितळवून साच्यात ओतलं, मग लेथवर चढवून माझं अंग असं तासलं की त्यात तोंड पाहावं. माझ्यासोबत माझी जुळी बहीण निघाली. ती उजव्या चाकात बसली, मी डाव्या. काम दोघींचं एकच. पायानं ब्रेक दाबला की दोन पॅड आम्हाला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात. आम्ही थांबतो, म्हणून गाडी थांबते. गाडी पळवणाऱ्या इंजिनाचं कौतुक जगभर चालतं. थांबवणारीचं कौतुक कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आमची गाडी घेतली यवतमाळच्या मधुसूदनरावांनी. सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी शुभदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. आर्णीच्या वाटेवर त्यांचं वडिलोपार्जित शेत होतं. ते गावातले नानाजी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचे. गाडी आली त्या दिवशी बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि माझ्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं. रस उडाला तो माझ्या अंगावर. तेवढाच काय तो माझा मान.

मधुसूदनराव गाडीला फार जपायचे असं सगळी आळी म्हणायची. मी म्हणत नाही. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी वर्षभर काढू दिलं नाही. पण चालवताना उजवा पाय सदा ब्रेकवर अर्धा टेकलेला. म्हणजे पॅड मला सतत घासणार, आणि मी सतत तापणार. घरी पोचले की पहिलं काम पाइप घेऊन चाकं धुणं. अहो, तव्यावर गार पाणी ओतलं तर तवासुद्धा वाकडा होतो. मी लोखंडच आहे, पण मलाही अंग आहे. अशा कितीतरी आंघोळींनंतर माझी कड वाकली, आणि ब्रेक लागला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

शुभदाताई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. मधुसूदनरावांच्या मनात नव्हतं, पण त्यांचे गुडघे धरले आणि इलाज राहिला नाही. ताईंचा पाय हलका. वळण आलं की आधीच गिअर उतरवायच्या आणि मला शेवटी, जरूर पडेल तेवढंच बोलवायच्या. त्या चालवायच्या तेव्हा मला काम केल्यासारखं वाटायचं. एरवी शिक्षा भोगल्यासारखं.

पॅड झिजत आलं की त्यातली एक बारीक पत्री मला घासते आणि 'चीं' असा आवाज होतो. तो आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. ती आमची हाक. 'आम्ही संपत आलोय, बघा जरा,' एवढंच आम्हाला बोलता येतं.

ताईंनी ती पहिल्याच दिवशी ऐकली. "अहो, ब्रेक वाजून राहिलाय. दाखवून आणा ना."

"आवाज येऊन राहिला म्हणजे ब्रेक लागून राहिला," मधुसूदनराव म्हणाले. "गाडी थांबते ना? मग झालं."

ताईंनी लकडा लावला तेव्हा ते चौकातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं चाक खोललं. माझ्यावरच्या खाचा त्याला दिसल्या. न दिसायला तो आंधळा नव्हता. त्यानं पॅडवर कानशीचे चार हात मारले, ती ओरडणारी पत्री पक्कडीनं मुरगळली आणि म्हणाला, "डिस्कले काय होते साहेब, लोखंड आहे. चालते."

'चालते.' या एका शब्दावर आपला अख्खा जिल्हा चालतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

महिन्याभरात मी पुन्हा वाजू लागले. आता आवाज जाड होता, घर्र घर्र असा. ताई म्हणाल्या, "या बारीला दोन्ही डिस्क बदलायच्याच." मधुसूदनरावांनी मान डोलावली, बाजारात गेले आणि गाडीला नवीन टेप बसवून आले. पुढच्या वेळी मी घरघरले तेव्हा त्यांनी टेपचा आवाज वाढवला. मी कळवळून सांगतेय आणि माणूस माझ्यावर भजन लावतोय. तुमच्यात याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. जो तो फवारणीच्या मागे. दुकानदार सांगेल ते औषध, त्यात आणखी दुसरं मिसळून. मधुसूदनराव घरबसल्या नानाजींना फोन करायचे, "आणखी एक हात मारून घ्या. अळी थांबायला नको." थांबण्याचं त्यांना एकूणच वावडं.

पितृपक्षातल्या एका दुपारी ताई एकट्याच शेतात गेल्या. बरबटीच्या शेंगा आणि वाळकं आणायची होती. गाडी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला, उभी केली, मी तापलेली, शांत होत होते. पऱ्हाटीतून पंपाचा आवाज येत होता. पंप पाठीवर घेतलेला फुलसिंग, जवळच्या तांड्यावरचा, सकाळपासून फवारत होता. तोंडाला काही नाही, हाताला काही नाही. उंच पऱ्हाटीत ते धुकं वर जात नाही, माणसाच्याच अंगावर बसतं.

आवाज बंद झाला. फुलसिंग बाहेर आला तो डोळे चोळत. धुऱ्यावर बसला आणि ओकला.

नानाजी धावले. "काय झालं रे?"

"मले दोन दोन दिसून राह्यले," फुलसिंग म्हणाला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम फुटला होता.

त्याची बायको जमनाबाई पलीकडे तण निंदत होती. ती आली आणि त्याच्या शेजारी मटकन बसली. नानाजींनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असाच एक माणूस आणायला गेली होती.

शुभदाताई घाबरल्या, पण त्यांचे हात घाबरले नाहीत. "नानाजी, याचा शर्ट काढा. विहिरीचं पाणी ओता अंगावर, भरपूर. आणि औषधाचे डबे मला द्या, डॉक्टरांना दाखवायला लागतील. जमनाबाई, तू मागं बस. याचं डोकं मांडीवर घे, एका कुशीवर."

गाडी निघाली. ताईंचा हलका पाय त्या दिवशी जड झाला होता. त्यांनी गाडी कधी नव्हे तशी पळवली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भीती वाटत होती, कारण माझ्या दोन्ही अंगांना पॅड असं काही उरलंच नव्हतं. त्यांची पत्र्याची पाठ तेवढी उरली होती.

पुढे उतार होता, खाली नाल्यावरचा पूल, आणि पुलाच्या अलीकडे एसटी उभी. माणसं उतरत होती. ताईंनी ब्रेक दाबला.

मी धरायचा प्रयत्न केला. लोखंडावर लोखंड आलं. असा आवाज झाला की एसटीतून उतरणारी माणसं वळून बघायला लागली. उजवीकडे बहिणीनं थोडं धरलं, माझ्याकडे काहीच धरलं नाही. पेडल ताईंच्या पायाखाली उसळत होतं, गाडी उजवीकडे ओढली जात होती. ताईंनी गिअर खाली आणला, हाताचा ब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडे दाबून गाडी मुरमावर घातली. तरोट्याच्या दाट झुडपात ती जाऊन थांबली. एसटीपासून हातभर अंतरावर.

मी थांबवली नाही. झुडपानं थांबवली.

कुणाला लागलं नव्हतं. एसटी निघून गेली. ताईंनी रस्त्यावर येऊन हात केला, तर एक काळीपिवळी जीप माणसांनी लोंबकळत होती, ती तशीच गेली. मागून आलेल्या मोटारीच्या काचा वर होत्या, त्या वरच राहिल्या. ताई परत आत बसल्या, गाडी रस्त्यावर घेतली आणि दुसऱ्या गिअरमध्ये चालवू लागल्या.

मागे फुलसिंगचा श्वास घरघरत होता. जमनाबाई पदरानं त्याचं तोंड पुसत होती. मग म्हणाली, "बाई, जोरात चालवा ना."

"चालवता येत नाही गं."

"काहून?"

"ब्रेक नाहीत."

मी चाकात जिवंत बसलेली असताना त्यांनी ते म्हटलं, आणि ते खरं होतं. त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक उतार आम्ही बैलगाडीसारखे उतरलो. यवतमाळ दिसेपर्यंत ऊन कललं होतं.

सरकारी दवाखान्यात फुलसिंगसारखे आणखी कितीतरी होते, एकेका खाटेवर दोन दोन. डॉक्टरांनी डबे पाहून लगेच इंजेक्शन दिलं. फुलसिंग वाचला. डोळे मात्र सुधारले नाहीत. एक पार धूसर राहिला, दुसऱ्यानं माणसाची आकृती तेवढी कळते. ताईंनी विचारलं, लवकर आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. पण उशीर कधीच चांगला नसतो."

त्या संध्याकाळी घरी मधुसूदनराव म्हणाले, "असं होईल हे मला काय माहीत?"

"आवाज येत होता," ताई म्हणाल्या. "तुम्ही टेप मोठा केला."

दुसऱ्या दिवशी ताईंनी शाळेत रजा टाकली आणि गाडी दुसऱ्या गॅरेजला ओढून नेली. काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. "दोन्ही डिस्क बदला, पॅड बदला. एक बदलून दुसरी ठेवू नका," म्हणाल्या. मला काढलं तेव्हा त्या उठून जवळ आल्या, माझ्या खाचांवरून बोट फिरवलं. "ही मला द्या."

मग त्या शेतात गेल्या. नानाजींना सांगितलं, "मास्क, चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय पंप कोणाच्या पाठीवर चढायचा नाही. आणि डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत यापुढे फवारणीच नाही."

"पण बाई, अळी पीक खाऊन टाकन," नानाजी म्हणाले.

"खाऊ दे."

आणि मी? माझी बहीण भंगारात गेली, तिचं पुन्हा काहीतरी होईल. मला ताईंनी बैठकीतल्या टीपॉयवर ठेवलं आहे, पांढऱ्या विणलेल्या रुमालावर, मधुसूदनरावांच्या खुर्चीसमोर. ते माझ्यावर वर्तमानपत्र टाकतात. ताई ते उचलतात. पाहुणे विचारतात हे काय, आणि दोघंही चहाचं बोलतात. रुमालावर माझ्या गंजाची एक कडी उमटली आहे, ती धुतली तरी जात नाही.

मला शोभेला ठेवलेलं आवडत नाही. माझी जागा चाकात होती, आणि वेळच्या वेळी मला बदललं असतं तर मी तिथून मानानं उतरले असते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की आमची हाक ऐका. आम्ही उगाच ओरडत नाही.

दिवाळीनंतर फुलसिंग आणि जमनाबाई तपासणीला आले होते, तेव्हा घरी थांबले. मधुसूदनरावांनी स्वतः उठून त्याला हाताला धरून बसवलं. चहाचा कप ठेवायला फुलसिंग टीपॉय चाचपत होता, तर त्याचा हात माझ्यावर पडला. त्यानं माझी कड चाचपली, खाचांतून बोटं हळूहळू फिरवली.

"हे काय होय, साहेब?"

"ब्रेकची डिस्क," मधुसूदनराव म्हणाले. "त्या दिवशी गाडीला होती ती. आता बदलली."

फुलसिंग थोडा वेळ खाचा मोजल्यासारखा हात फिरवत राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर न कळल्यासारखं त्यानं विचारलं, "मंग पहिलेच काहून नाही बदलली?"

जमनाबाईनं मान खाली घातली. शुभदाताई नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मधुसूदनरावांनी माझ्यावर टाकायला वर्तमानपत्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं; चहा निवून त्यावर साय आली होती.