रतनबाईच्या चंचीवरचा डाग

मी रतनबाईची चंची. बोलतेय ती आज पहिल्यांदाच. पान, सुपारी, कात, चुना पोटात घ्यायचं, दोरीनं तोंड आवळून घ्यायचं आणि म्हातारीच्या कमरेला गुपचूप पडून राहायचं, हेच माझं आजवरचं काम. पण गेल्या वर्षी माझ्यामुळं ती पोलिसांच्या हाती सापडली. त्यावरून ती मला एका शब्दानं बोलली नाही. म्हणून मलाच राहवत नाही.

माझा जन्म नवरीच्या लुगड्यातून झाला. लग्नात रतनबाई अकरा वर्षांची होती. हिरव्या लुगड्याच्या निऱ्या तिच्या एवढ्याशा पोटावर मावेनात. तिच्या आईनं शेवटी हातभर तुकडा कापून काढला, तेव्हा कुठं नवरी उभी राहिली. तो तुकडा पुढं वीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होता. नवरा गेला, पदरी मूलबाळ नाही, तशी ती भावाच्या गावी परत आली. नांदूरघाटच्या पलीकडं आमचं गाव. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि दुपारच्या सावलीत बसून तुकड्याला टाके घालायची. तशी मी झाले. बाहेरून चार कप्पे आणि आत एक, हात घातल्याशिवाय कळणार नाही असा.

पान खाताना माणसं मोकळी होतात. जे शेजाऱ्याला सांगत नाहीत ते चुना लावता लावता सांगून जातात. मी ऐकलंय सगळं. पण मी चंची आहे, चोंबडी नाही.

रतनबाईचा गळा फार गोड. आसपासच्या सात-आठ गावांत लग्न निघालं, की हळदीच्या गाण्यांना तिलाच बोलावणं. विधवेचा हात हळदीला चालत नाही, गळा मात्र चालतो! ती आपली जात्याच्या कडेला बसायची, गाणं उचलायची आणि बाकीच्या बाया मागून ओढायच्या. उठताना तिला पान-सुपारी मिळायची, ती माझ्या पोटात यायची.

कडेला बसलेल्या माणसाला नवरीचं तोंड नीट दिसतं. एकदा एका हळदीला नवरीच्या दातांतला एक पडलेला दात अजून यायचा होता. त्या दिवशी रतनबाई मधेच गाणं विसरली. घरी आल्यावर तिनं पान खाल्लं नाही.

त्यानंतर चौघी जणी एकत्र आल्या. रतनबाई त्यातली पहिली. बाकीच्या तिघी कोण, ते मी मेले तरी सांगणार नाही. लग्न ठरलं की आपल्याकडं ‘सुपारी फुटली’ म्हणतात. या चौघींनी ठरवलं, नवरी लहान असली तर अख्खी सुपारी हळदीत बुडवायची आणि मंगळवारच्या बाजारात दुसरीच्या हातात ठेवायची. सोबत गावाचं नाव, बापाचं नाव. दुसरी तिसरीला द्यायची, तिसरी चौथीला. चौथी शिकलेली होती. ती मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करायची. ग्रामसेवक आणि पोलीस वेळेवर मांडवात यायचे आणि लग्न थांबायचं. मग तीच सुपारी आल्या वाटेनं रतनबाईकडं परत यायची. ती तिला माझ्या आतल्या कप्प्यात ठेवायची. तीन वर्षांत अशा सात सुपाऱ्या जमल्या. कोण सांगतंय, कुणाला पत्ता नव्हता. ‘गावात कुणीतरी फितूर हाय,’ म्हणत लोक एकमेकांकडं बघायचे. आणि त्याच लोकांच्या हळदीत रतनबाई गात बसलेली असायची.

आठवी पोरगी निघाली तिच्या घरचीच.

बजरंग हा तिच्या भावाचा मुलगा. त्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं. त्याची थोरली लेक संस्कृती, पंधरा वर्षांची, नववीची परीक्षा नुकतीच दिलेली. बजरंग आणि त्याची बायको संगीता दर साल ऊस तोडायला कारखान्यावर जायची, सहा-सहा महिने. गेल्या वर्षीच्या वैशाखात चार दिवसांत सोयरीक जमली, आष्टीकडचं स्थळ. रतनबाईला कळलं ते थेट हळदीचं बोलावणं आलं तेव्हा. तिनं सुपारी हळदीत बुडवली, माझ्या बाहेरच्या कप्प्यात घातली आणि दुसरीचं घर गाठलं. दाराला कुलूप. दुसरी लेकीच्या बाळंतपणाला परळीला गेलेली. हळद उद्यावर आलेली, तिसरी-चौथीकडं निरोप पोचवायला वेळ उरला नव्हता.

सुपारी तशीच माझ्याजवळ राहिली. ओली होती. तिचा पिवळा डाग माझ्या हिरव्या कापडावर उमटला.

हळदीच्या दिवशी दुपारी पंगत बसली होती. संस्कृती मागच्या दारी हात धुवायला आली. हळदीचे हात धुतेय धुतेय आणि रडतेय. रतनबाई जवळ गेली. पोरगी एवढंच म्हणाली, “आज्जी, मला हितून ने.”

रतनबाईनं तिला धरून पायवाटेनं फाट्यावर नेलं, चौथीचा पत्ता सांगून एस्टीत बसवलं. पंगत उठायच्या आत ती जात्याजवळ परत येऊन बसली होती. मी तिच्या कमरेला होते. तिनं माझी दोरी आणखी आवळली.

तो शनिवार होता. अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीची कचेरी उघडणार सोमवारी. तोवर पोरगी चौथीच्या घरी आणि रतनबाईनं तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं. पण संध्याकाळपर्यंत बजरंगनं तक्रार दिली, पोरगी पळवून नेली म्हणून. गावात हूल उठली की पोरी पळवणारी टोळी फिरतेय. नवऱ्याकडची माणसं जीपा घेऊन शोधत सुटली. सापडली तर तिथंच अक्षता टाकू, म्हणत होती.

रविवारी सकाळी जिल्ह्याच्या गुन्हे शाखेतले फौजदार त्रिंबकराव आले. ठेंगणे, शांत, आष्टीकडच्या बोलीत बोलणारे. हळदीला आलेल्या प्रत्येक बाईशी ते तिच्या घरी जाऊन बोलले. म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलवायचं नाही असा कायदा आहे म्हणे. रतनबाईच्या पत्र्याच्या खोलीत ते शेवटी आले. बरोबर लिहून घ्यायला अंजना नावाची महिला शिपाई. दार लोटलेलं, बाहेर ओट्यावर बजरंग आणि गावची माणसं.

“मावशी, काल दुपारी कुठं होता?”

“कुठं म्हंजी? गात होते की.”

“पंगतीच्या येळंला?”

“पंगतीच्या येळंला कोण गातंय साहेब? बसले होते.”

त्रिंबकराव हसले. मग म्हणाले, “मावशी, एक पान लावा. सकाळपासून तोंडात काय न्हाई.”

तिनं मला सोडलं. मला वाटलं, बरं झालं, पान खाऊन जातील. तिनं पान पुसलं, चुना लावला, कात घातला. बाहेरच्या कप्प्यातून कातरलेली सुपारी काढली. त्रिंबकरावांचं लक्ष पानाकडं नव्हतंच. ते माझ्याकडं बघत होते.

“ही हळद ओली असताना लागलेली दिसतीय,” ते म्हणाले. “चंचीला हळद कावून लागली?”

“हळदीच्या घरी गेल्यावर लागंल न्हाई तर काय?”

“पण तुमी हळदीला हात लावत न्हाई. सगळ्या बाया सांगत होत्या.”

रतनबाईचा अंगठा माझ्या आतल्या कप्प्यावर येऊन थांबला. नको तिथं थांबला. त्यांनी हात पुढं केला. ओढून घेतलं नाही. हात तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं मला त्या हातात ठेवलं.

त्यांनी आधी बाहेरची एक अख्खी सुपारी काढली. मग आतल्या सात. सातही सुपाऱ्यांची हळद वाळून तपकिरी झालेली. त्यांनी त्या चटईवर एका ओळीत मांडल्या, आठवी थोडी बाजूला. खिशातून एक कागद काढला.

“तीन वर्षांत या भागात सात लग्नं थांबली. साती हळदींना गाणारी बाई एकच. हे मला सकाळीच कळलं होतं, पण नुसतं गाण्यावरून काय सिद्ध होतंय? या सात हातोहात फिरून गुळगुळीत झाल्यात, मावशी. ही आठवी गेलीच न्हाई. निरोप पोचला न्हाई, म्हणून तुमी सोता उठलात. तुमी एकल्या न्हाईत. मंडळ हाय तुमचं, आणि तुमी त्यातल्या हाय.”

अंजनाचं लिहिणं थांबलं होतं.

मला तेव्हा काय वाटलं, ते कसं सांगू? चाळीस वर्षं जिच्या अंगाला लागून राहिले, तिला माझ्याच अंगावरच्या डागानं धरून दिलं.

“असला पुरावा कुणी सांभाळून ठेवतं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“पुरावा न्हाई साहेब,” ती म्हणाली. “ही पैली म्हंजी म्हाळूची नात. आता नर्स व्हायला शिकतीय. ही दुसरी, तिला काय जमलं न्हाई, पुढल्या साली लगीन झालंच तिचं. तरी एक साल तर खेळली. येकेक पोरगी हाय ती.” मग तिनं मला बोट लावलं. “आणि ही चंची माज्या लग्नातल्या लुगड्याची हाय. अकरा वर्साची होते. पैलं पोर पोटातच गेलं, तवा तेरा. पुन्हा कूस उजवली न्हाई. लई दिस वाटायचं, आपलंच नशीब खोटं. नशीब न्हाई साहेब, माजं वय खोटं होतं.”

“बाकीच्या कोण?”

“मला घेऊन चला. बाकीचं न्हाई सांगणार.”

त्रिंबकराव म्हणाले, “मला पोरगी पायजे. नावं नकोत. पण पोरगी कुठं हाय हे सांगावं लागंल. जीपा फिरतायत. त्यांना आधी सापडली तर?”

“तुमी तरी तिला बापाकडंच देणार न्हवं?”

“न्हाई. समितीपुढं उभी करणार. माज्या शब्दावर जाऊ नका. गाडीत बसा, तुमच्या डोळ्यांदेखत करतो.”

ती उठली. तेवढ्यात दार ढकलून बजरंग आत आला. बाहेर त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता हा हात उचलतो. पण तो उंबऱ्यातच खाली बसला.

“आत्या, तू?” एवढंच त्याच्या तोंडून आलं. मग एकदम ओरडला, “तुला काय जातंय गं! मी पोरीला कारखान्यावर नेऊ का, त्या पाचटाच्या कोपीत? दारू पिऊन फिरत्यात माणसं तिथं, कोपीला दार नसतंय. हितं एकली टाकू? कुणापाशी ठेवू मी तिला?”

“मला इचारलं का कदी?”

बजरंगनं वर बघितलं.

“तुझं घर माज्या भिंतीला भिंत हाय. पंधरा वर्सं झाली, पोर माज्या डोळ्यांम्होरं हाय. आष्टीपर्यंत गेलास ठेवाया. मला न्हाई इचारलं.”

“तुझं तुला व्हईना आत्या...” तो पुटपुटला. संगीता मागं येऊन उभी होती. तिनं तोंडात पदर धरला होता.

पुढचं मी पाहिलं नाही. आठ सुपाऱ्यांसकट मला पाकिटात घालून लाखेचं सील लावलं. मुद्देमालाच्या खोलीत एका फुटक्या मोबाइलच्या आणि गंजलेल्या कुऱ्हाडीच्या शेजारी मी चार महिने पडून होते. अंधार आणि उंदीर. माझ्या पोटातलं पान तिथं सुकून गेलं. त्या चार महिन्यांत कुणी मला सोडलं नाही, बांधलं नाही. आपल्याला हात लागणं किती गरजेचं असतं, ते मला तिथं कळलं.

बाकी कानावर आलं ते असं. संस्कृती समितीपुढं ताठ उभी राहून म्हणाली, “मला कुणी पळवलं न्हाई, मीच म्हणाले मला ने.” अठराच्या आत लग्न करणार नाही, असं बजरंगनं लिहून दिलं. नवऱ्याकडची माणसं आल्या वाटेनं परतली. त्रिंबकरावांनी अहवालात पोरगी सुखरूप मिळाल्याचं लिहिलं, रतनबाईवर गुन्हा लावला नाही. बाकीच्या तिघींच्या शोधाला ते पुन्हा आले नाहीत. पोळ्याच्या सुमारास मला सोडवायला रतनबाई आली. सही येत नाही म्हणून अंगठा उठवला. अंजनानं सील तोडलं, मला झटकलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

पण गावानं तिला सोडलं नाही. नाव फुटलं होतं. पाणवठ्यावर बाया बोलायच्या थांबायच्या. एकीनं अंगणात थुंकून दाखवलं. एक तरणी बाई मात्र भर बाजारात काही न बोलता तिचा हात दाबून गेली.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आले. सगळा गाव डोक्यावर संसार बांधून निघाला. सकाळी बजरंग दारात आला. मागं संस्कृती, एका हातात दप्तर, एका हातात ज्वारीची पिशवी. बजरंगनं आत्याकडं बघितलं नाही. पोरीच्या हातातली पिशवी घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवली.

“दहावीचं साल हाय,” तो म्हणाला. “अभ्यासाला बसवत जा. लई लाडावू नको.”

रतनबाईनं मला सोडलं, विडा बांधला आणि वाटेत खायला त्याच्या मुठीत ठेवला. तो तिच्या पायाला हात लावून भरभर निघून गेला.

सहा महिने त्या पत्र्याच्या खोलीत दोघी राहिल्या. पोरगी मोठ्यानं वाचायची, म्हातारी मला मांडीवर घेऊन ऐकायची, त्यातलं तिला काही कळायचं नाही. आता पोरगी अकरावीला गेली आहे.

मी म्हातारी झाले. कापड विरलंय, दोरी दोनदा बदलली. हळदीचा डाग धुतला तरी गेला नाही. रतनबाई त्यावरून अंगठा फिरवते, रागानं नाही.

माझं मागणं आहे ते तिच्यासाठी. त्या वैशाखापासून आजवर या सात-आठ गावांत एकाही हळदीला तिला बोलावणं आलेलं नाही. लगीनसराईत शेजारच्या मांडवातून गाणं ऐकू आलं, की ती भांडी घासता घासता थांबते. पुढची ओळ तिच्या ओठांवर येते आणि ती गिळते. तुमच्या घरात वयात आलेली, हसत हसत तयार झालेली नवरी असेल, तर बायांनो, एकदा रतनबाईला निरोप धाडा. कडेलाच बसवा, जात्याजवळ. गळा अजून तसाच गोड आहे.