सुट्या सांध्यांचे भूत

मित्रांनो, मी अंगणात उभा करायचा भुताचा एक पुतळा आहे आणि जुना आहे. पण नक्की किती जुना, ते मला सांगता येत नाही. माझा कणा सर्वांत म्हातारा आहे. पाय त्याच्या मागून आले. डोके तर तिसरे आहे. ज्याचे अवयव एका वयाचे नाहीत, त्याला स्वस्थता कुठून मिळणार? कुणी पेचकस हातात घेतला, की अजूनही माझ्या सांध्यासांध्यांत धास्ती भरते.

माझे नाव गस. ओहायो नदीकाठच्या एका लहान गावात, लोकस्ट स्ट्रीटवर, डेल्बर्ट स्ट्राउड नावाच्या गृहस्थांनी मला घडवले. गावातला काचेचा कारखाना बंद पडला आणि त्यांच्या हाताला काम उरले नाही. त्यानंतरच्याच हिवाळ्यात त्यांची बायको वारली. घर खायला उठायचे. मग त्यांची मुलगी कॉरीन शहरातली खोली सोडून वडिलांकडे राहायला आली. बापलेकीला एकमेकांशी काय बोलावे ते सुचत नसे. टेबलाच्या दोन टोकांना बसून ती दोघे मुकाट्याने जेवत.

एके दिवशी कॉरीनने गॅरेजमधले नळाचे जुने पाइप बाहेर काढले. "डॅड, ह्यांचं भूत करू या. ऑक्टोबरअखेर हॅलोविनला सगळ्यांच्या अंगणात भुतं असतात, आपलं अगदीच ओकंबोकं दिसतं."

"विकत आणायचं नाही हां," डेल्बर्ट म्हणाले. "घरात आहे त्यातच बसवायचं."

असा माझा जन्म झाला. पाइपांची हाडे, कोंबड्यांच्या जाळीची छाती, दुधाच्या प्लास्टिकच्या डब्याचे डोके. त्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून चिकटवल्या आणि मातकट रंग फासला. मी अंगणात ताठ उभा राहिलो. आता जग माझ्याकडे बघत राहणार, असे मला वाटले. त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि माझे तोंड गळून छातीवर आले.

समोरच्या घरात फिलिस ग्रबाउस्की राहायच्या. त्यांच्या अंगणात दरवर्षी दुकानातून आणलेले, हवा भरून फुगवायचे राक्षस डोलायचे. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काय रे डेल्बर्ट, भुताला सर्दी झाली वाटतं?"

"तुझ्या राक्षसांना टाचणी लागली की बघू कोण रडतंय ते," डेल्बर्ट म्हणाले. बायको गेल्यापासून कॉरीनने त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

त्या दिवसापासून माझी सुधारणा सुरू झाली. कागदाची कातडी खरवडून काढली. त्याऐवजी रंगकाम करताना जमिनीवर अंथरतात तसले पातळ प्लास्टिक माझ्या हाडांभोवती गुंडाळले आणि त्यावर गरम हवेचे यंत्र फिरवले. प्लास्टिक आकसले, सुरकुतले आणि हाडांना असे चिकटले, की माझी मलाच भीती वाटली. रंगात लाकडाचा भुसा कालवला, म्हणजे कातडी खरखरीत दिसावी. वाऱ्याने मी आडवा होतो हे कळल्यावर माझे पाय वाळूच्या बादलीत रोवले. पुढे भंगारातल्या एका ट्रकच्या वायपरची मोटर आली आणि माझे डोके डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरू लागले.

मुले माझ्यासमोरून पळत जायची आणि पुन्हा भिऊन घ्यायला परत यायची. फिलिसबाईसुद्धा पडद्याआडून बघायच्या. बापलेक आता जेवताना भांडायची, माझ्या कोपरावरून, माझ्या दातांवरून. घरात आवाज आला होता.

पण मित्रांनो, मी मात्र बेचैन होतो. ऑक्टोबर सरला की मला खोलायचे. पुढच्या वर्षी मी तोच असेन की नाही, कोण जाणे! मला एकदा तरी पूर्ण व्हायचे होते. "झाला हा, आता याला हात लावायचा नाही," असे कुणीतरी म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती.

एका वर्षी डेल्बर्टनी मला भर उन्हाळ्यातच खोलले. पुन्हा जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलले. बसवलेला स्क्रू ते शोधत बसायचे. शेवटी त्यांनी मला दोन्ही हात डावेच लावले.

"डॅड, हे काय केलंस?" कॉरीन म्हणाली.

"काय केलं?"

"दोन्ही डावे आहेत! आणि रंग कुठे ठेवलास? सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेय."

डेल्बर्टनी माझ्या हातांकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "तूच बदलले असशील," ते चिडून म्हणाले आणि आत निघून गेले. कॉरीन गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली. मग उठून माझा एक हात तेवढा तिने गुपचूप बदलला.

त्या वर्षी वडिलांना बरे वाटावे म्हणून तिने माळ्यावरून त्यांचा कारखान्यातला जाड निळा कोट काढला. खिशावर त्यांचे नाव शिवलेले होते. "हा गसला घालू या. एकदम रुबाबदार दिसेल," ती म्हणाली. कोट अंगात गेला, डोक्यावर टोपी चढली आणि मला वाटले, बस, आता मी पूर्ण झालो.

हॅलोविनच्या दुपारी कॉरीनने माझी मोटर चालू केली आणि फोनवर डॉक्टरांची वेळ घ्यायला ती आत गेली. तेवढ्यात डेल्बर्ट बाहेर आले. ते माझ्यासमोर उभे राहिले. डोळ्यांत काहीतरी परके होते.

"माझा कोट घालून कुठे निघालास?" ते मला म्हणाले. "उशीर झाला ना मला!"

त्यांनी एकेक गुंडी सोडली, कोट उतरवला, स्वतः घातला, माझी टोपीही घेतली आणि ते नदीकडच्या रस्त्याला लागले.

मित्रांनो, माझे डोके सारखे फिरत होते. उजवीकडे वळले की डेल्बर्ट दिसायचे. डावीकडे वळले की नुसती रिकामी पायरी आणि बंद दार. पुन्हा उजवीकडे वळेपर्यंत ते आणखी लहान झालेले असायचे. कॉरीन, बाहेर ये, असे मला ओरडायचे होते. दात होते, जबडा होता, पण आवाज कुणी बसवलाच नव्हता. मग एकदा डोके उजवीकडे वळले आणि रस्त्यावर कुणीच नव्हते.

बऱ्याच वेळाने फिलिसबाईंची गाडी आली. काच खाली करून त्या हसत ओरडल्या, "कॉरीन! कमाल केलीस बाई! भुताला चालायला कसं शिकवलंस? नदीच्या रस्त्याला पाहिलं मी त्याला, ऐटीत चाललंय!"

कॉरीन दारात आली. तिने माझ्याकडे पाहिले. कोट नव्हता. वाऱ्यात नुसती हाडे खडखडत होती.

"फिलिस," ती म्हणाली, "तो गस नव्हता. डॅड होता."

फिलिसबाईंचे हसू जागच्या जागी विरले. "बस गाडीत," त्या म्हणाल्या. "दार नंतर लाव. आधी बस."

पुढचे मी नंतर कॉरीन आणि फिलिसबाईंच्या पायरीवरच्या बोलण्यातून ऐकले. डेल्बर्ट कारखान्याच्या गंजलेल्या फाटकाशी गज धरून उभे होते. थंडीने बोटे निळी पडली होती. पलीकडे नदीच्या धक्क्याचा कठडा तुटलेला होता आणि फाटक उघडत नाही म्हणून ते तिकडूनच आत शिरायच्या बेतात होते.

"कोरी, हे उघडत का नाहीत?" त्यांनी लेकीला विचारले.

कारखाना केव्हाच बंद झाला, हे तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "आज सुट्टी आहे, डॅड."

"आधी सांगायचं नाही का?"

"चुकलं माझं. चल, घरी जाऊ."

त्या रात्री हॅलोविनच्या रिवाजाप्रमाणे मुले दारोदार गोळ्या मागायला आली तेव्हा फिलिसबाई आमच्या पायरीवर बसून दोन्ही घरांच्या गोळ्या वाटत होत्या. मी उघडाच उभा होतो. कुणीही मला भ्याले नाही.

डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिले, पण औषध फारसे नव्हते. मी गॅरेजमध्ये पडून राहिलो. उंदरांनी छातीत घर केले, मोटर गंजली. पुढच्या ऑक्टोबरात कुणी दारही उघडले नाही. घरात डेल्बर्ट दिवसभर येरझारा घालत. कड्या ओढत, कपाटे उपसत, दाराशी जाऊन परत येत. "काहीतरी करायचं राहिलंय," एवढेच म्हणत. कॉरीनचे डोळे खोल गेले होते.

एके दिवशी फिलिसबाई तिला म्हणाल्या, "अगं, त्याला काम हवंय. तुझं ते भंगार कुठाय? आण की इकडे!"

दोघींनी मला ओढत स्वयंपाकघरात आणले, उंदरांचे घर झाडून काढले आणि टेबलावर आडवे ठेवले. डेल्बर्ट थांबले. खुर्ची ओढून बसले. त्यांनी माझा खांदा चाचपला आणि सांधा फिरवून सोडवला. मग दुसरा. सगळी हाडे त्यांनी ओळीने मांडली आणि पुन्हा जोडायला घेतली. डोके गुडघ्यावर बसवले, हात पाठीला लावले. कॉरीन शेजारी उभी होती. तिने एकही चूक दाखवली नाही. त्या दुपारी दाराची कडी वाजली नाही.

आता मी रोज सुटा होतो आणि रोज वेगळाच जोडला जातो. ज्याची मला जन्मभर भीती वाटली, तेच आता माझे काम झाले आहे. बेचैनी गेली असे म्हणणार नाही. पेचकस दिसला की अजूनही थरथरतो. पण माझ्याहून जास्त बेचैन माणूस समोर बसलेला असतो आणि माझा एक सांधा सुटला, की त्याचा श्वास सावकाश होतो.

गेल्या हॅलोविनला एका चिमुरडीने दारात विचारले, "तुमचं मान फिरवणारं भूत कुठे गेलं?"

"आत आहे," कॉरीन म्हणाली. "डॅडला हवं होतं."

मित्रांनो, एका दिवसाच्या मजेसाठी केलेली वस्तू दुसऱ्या दिवशी फेकू नका. ती पुढे कुणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही. आणि तुमच्या घरी कुणी एकच काम पुन्हा पुन्हा, वेडेवाकडे करत बसले असेल, तर त्याच्या हातातून ते काढून घेऊ नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. हात उलटा लागला तर लागू द्या.